अक्कांचे आठ वाजणे

पुणे

चि. सोनू,


तू शिकवतेस त्या कॉलेजचं वेळापत्रक जूनपासून बदलतंय. दोन दिवस सकाळी साडेसातला तास, बाकीचे दिवस दुपारी, आणि परीक्षा लागल्या की कशाचाच नेम नाही. बाळाला सांभाळणाऱ्या अक्का मात्र ‘आठ ते चार’ सोडून बोलायला तयार नाहीत. त्यांना थोडं पुढेमागे करायला कसं सांगू, असं तू विचारलंस. मला वाटतं, सांगायच्या आधी तू त्यांना विचारायला हवंस. त्यांच्या दिवसाबद्दल.

त्या पट्टीश्वरमहून कुंभकोणमला तुझ्याकडे येतात. म्हणजे तुझ्या दाराची कडी वाजवायच्या आधी त्यांचा निम्मा दिवस होऊन गेलेला असतो. तमिळनाडूत मे 2021 पासून साध्या शहरी बसला बायकांना तिकीट पडत नाही. कुंभकोणमला कामाला येणं त्यांना परवडतं त्याला हेही एक कारण आहे. पण ही सवलत त्या साध्या बसचीच. ती चुकली की पदरचे पैसे मोजून रिक्षा. त्यांचा धाकटा सरकारी प्राथमिक शाळेत आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या योजनेतून तिथे सकाळची न्याहारी मिळते, त्यामुळे त्यांची चूल एका वेळेपुरती सुटली. पण पोराची वेणीफणी नसली तरी अंघोळ असते, दप्तर असतं, आणि त्याला शाळेच्या वाटेला लावणारं कुणीतरी घरात लागतं. तू सातला बोलावलंस, तर ते कोण करणार? त्यांचे आठ या सगळ्यातून आलेत. त्याला हट्ट म्हणू नकोस.

जूनच्या अखेरीस त्या हटकून रजा मागतात, ही तुझी जुनी तक्रार. त्यामागचं कारण बघ. मेट्टूर धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडायची रीत आहे. पाणी कावेरीच्या फाट्याफाट्यांतून खाली उतरलं की कुरुवै भाताची लावणी सुरू होते. यंत्रं आली असली तरी बायकांचे गट अजून चिखलात उभे राहतात. अक्कांची जाऊ अशाच गटात आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. अक्काही तिच्याबरोबर जात असणार, आणि त्या दिवसांची रोख मजुरी त्यांच्या वर्षाच्या हिशेबात धरलेली असणार. आपण त्याला खाडा म्हणतो आणि पगारातून कापतो. त्यांच्या लेखी तो हंगाम आहे. हे दिवस दर वर्षी येणारच आहेत, तर आधीच मोकळे ठेवावेत. त्या काळात बाळाला कोण बघेल, हा प्रश्न तुम्हा नवराबायकोचा आहे. तो अक्कांच्या माथी मारू नये.

आता तुझ्या बाजूचं. तास रद्द झाला की तू सकाळी फोन करून ‘आज येऊ नका’ म्हणतेस. मीटिंग लांबली की ‘अर्धा तास थांबा’. त्या अर्ध्या तासात त्यांची बस निघून जाते. पुढची येईपर्यंत त्या स्टँडवर उभ्या, आणि हा वेळ ना तुझ्या हिशेबात, ना त्यांच्या पगारात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. बाई घरच्यांच्या बोलावण्याच्या तयारीत थांबलेली असेल, स्वतःच्या मर्जीने वेळ वापरू शकत नसेल, तर तो वेळ देशातल्या कायद्याने ठरेल तितका कामाचाच धरावा, असं त्यात आहे. आठवड्यात सलग 24 तास विश्रांतीही आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण मंजुरी अजून दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा म्हणून सांगितलं. कायदा येईल तेव्हा येईल. तुझ्या घरात तो आजही लागू होऊ शकतो.

मी तुझ्या जागी असते तर असं ठरवलं असतं. आठवड्याचे तास पक्के, आणि तेवढ्यांचा पगार पक्का. आपण बोलावलं नाही तरी. पुढच्या आठवड्याच्या वेळा रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायच्या, त्याही तमिळमध्ये बोलून, व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून, म्हणजे त्यांना घरी सगळ्यांना ऐकवता येईल. त्याहून जास्त थांबावं लागलं तर तासाचा दर नेहमीपेक्षा चढा, आणि रिक्षाचं भाडं आपलं. साडेसातच्या दोन दिवसांसाठी वेगळे पैसे. ते कमी वाटले तर त्यांनी नाही म्हणावं, आणि त्या नकाराने काम जाणार नाही हे तू आधीच स्पष्ट सांगावं. पोंगल, आडी या तमिळ महिन्याची अठरावी तारीख आणि लावणीचे दिवस त्यांचे. आणि तुला वेळ बदलून मागायचा जितका हक्क, तितकाच त्यांनाही: मुलाला ताप आला तर त्या उशिरा येतील, आणि तोंड वाकडं होणार नाही.

हे बोलणं सासूबाईंवर सोपवू नकोस. त्यांचं घराणं तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेलं, तमिळ त्यांना मराठीइतकीच जवळची, आणि त्या मायाळूही आहेत. पण घरातल्या मोठ्या बाईने विचारलं की अक्का ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, म्हणून मान हलवतील आणि खरी अडचण गिळतील. तुझी मोडकी तमिळ या कामाला जास्त बरी. बाळ झोपलं की दोघी खाली चटईवर बसा, कॉफी दोघींच्याही हातात असू दे.

या मागण्या काही नव्या नाहीत. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगाराबरोबर भरपगारी सुट्ट्यांचीही मागणी होती. त्यातून संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला, तमिळनाडूत असं मंडळ त्याच्याही आधी, 2007 मध्ये आलं. अक्कांची तिथे नोंदणी आहे का? नसेल तर कागदपत्रं गोळा करायला मदत कर, आणि त्यासाठी लागणारा दिवस भरपगारी दे.

बाळ त्यांच्या कडेवर शांत होतं, त्यांच्या हातचा परुप्पु-भात खातं, म्हणून तू निश्चिंतपणे वर्गात उभी राहतेस. एवढं मोठं काम करणाऱ्या बाईशी वेळेचा सौदा घासाघीस करून करायचा नसतो. जून लागायच्या आत बोल, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी
मावशी