गोलाईचे सोळा रस्ते

महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात एका वर्गमित्राने विचारले, "वडील काय करतात?" मी सांगितले, "व्यापार." खरे म्हणजे माझे वडील लातूरच्या आडत बाजारात हमाल आहेत.

पुढे इतिहासाच्या तासाला कळले, की राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरचे अधिपती' म्हणवीत. लट्टलूर म्हणजेच आपले लातूर! ऊर भरून आला. परंतु आजचे लातूर राजांनी नव्हे, बाजारपेठेने वाढविले. निजामाच्या राजवटीत, १९११ साली, बार्शी लाईट रेल्वे येथवर आली. गंजगोलाई वसली, सोळा रस्ते तिला येऊन मिळाले. आजही खेड्यांतून तूर, हरभरा, सोयाबीन येथे येते, सौदा होतो, तुरीची डाळ होऊन दूरदूर जाते.

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. शेतात पीक नाही म्हणून आडतीत पोते नाही, आणि पोते नाही म्हणून घरात मजुरी नाही. शहराचे अर्थशास्त्र मी पुस्तकाआधी आईच्या चुलीपाशी शिकलो.

परवा वडिलांना लट्टलूरची हकिकत सांगितली. पाठ चोळत ते म्हणाले, "राजे असतील बाबा. पण पोती कुणी उचलली, ते लिवलंय का त्यात?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. वडिलांच्या व्यवसायापुढे स्वच्छ अक्षरात लिहिले : हमाली.