जुन्नरचे वाटे आणि राखेलबाईंची फुलदाणी

मैत्रिणींनो, माघ-फाल्गुनात कधी जुन्नरच्या आठवडे बाजाराला आलात, तर लगेच पिशवी भरायची घाई करू नका. आधी नुसता एक फेरा मारा. वर शिवनेरी, खाली गोणपाटावर मांडलेले वाटे: टोमॅटो, बोरं, चिंचा, हरभऱ्याच्या जुड्या आणि शेजारी झेंडूच्या पाट्या. वाटा लावणारीचा हात बघा. टपोरं फळ पुढं, डागाळलेलं मागं, एखादं हिरवं पान मुद्दाम तसंच ठेवलेलं. विचारलंत तर म्हणेल, "मांडलं नाही तर गिऱ्हाईक थांबतंय व्हय बाई?"

साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये अशाच मांडलेल्या फळाफुलांची चित्रं काढणारे नामांकित चित्रकार होते. (वेंगुर्ल्याला वखार घालणारे तेच हे डच, बरं का.) चित्रात देव नाही, राजा नाही. टेबलावर द्राक्षं, अर्धवट सोललेलं लिंबू, काचेच्या भांड्यात फुलं. कलेतल्या जाणत्यांनी या चित्रांना अगदी खालच्या पायरीवर बसवलं. लोकांनी मात्र ती हौसेनं घरात लावली. रोज स्वयंपाकघरात हाताळायच्या वस्तू, त्यांत काय बघायचं, हे आपणही ऐकत आलोच आहोत!

नारायणगावच्या बाजूचं काळं जम्बो द्राक्ष घ्या. त्यावर पांढरट धुरकट थर दिसतो. ते द्राक्षाचं स्वतःचं मेण, त्यानं आतला ओलावा टिकतो. म्हणून बागेत घड काढणाऱ्या बायका तो देठाला धरतात, मण्यांना बोट लावत नाहीत. आपणही घड खायच्या वेळीच धुवावा, धुऊन ठेवू नये. हाच थर त्या चित्रकारांनी रंगात हुबेहूब उतरवला आहे.

त्यांतली मला जवळची वाटते ती राखेल रॉइस (१६६४-१७५०). वडील शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जतन केलेल्या वनस्पती आणि किडे लहानपणापासून डोळ्यांसमोर. पंधराव्या वर्षी ती विलेम व्हान आल्स्ट या चित्रकाराच्या हाताखाली शिकायला लागली. १६९३ मध्ये लग्न झालं, पुढे दहा मुलं. दहा! हाताशी मोलकरणी असतील असं धरलं तरी मला नवल वाटतं. मला तर शाळेच्या वह्या तपासायला दुपारचा एक तास मिळवताना नाकी नऊ येतात. १७०८ पासून ती ड्युसेलडॉर्फच्या दरबारची चित्रकार होती आणि त्र्याऐंशीव्या वर्षीही तिनं चित्रावर सहीसोबत आपलं वय लिहिलं. एवढ्या बाईचं पहिलं मोठं स्वतंत्र प्रदर्शन भरायला मात्र २०२४ साल उजाडलं, तेही म्युनिकला.

तिच्या फुलदाणीत एक गोड लबाडी आहे. वसंतातला ट्यूलिप आणि भर उन्हाळ्यातली फुलं ती एकाच भांड्यात फुलवते. समोर एका वेळी ती असणं शक्यच नव्हतं, जुन्या अभ्यासचित्रांवरून ती जुळवलेली असत. पण पानाला पडलेलं भोक, पाकळीवरची अळी, माना टाकलेलं फूल, हे काही ती लपवत नाही. आपली वाटेवाली डाग मागं ठेवते, ही पुढं आणते. तिला कुठं संध्याकाळच्या आत माल खपवायचा होता?

जुन्नर-आंबेगावात ऋतूंची अशी सरमिसळ चालत नाही. द्राक्षं आटोपली की डोंगरची करवंदं, पाऊस लागला की जांभळं. मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन घोडेगावाहून डिंभ्याकडं जा. जुनं आंबेगाव तिथं धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या बाजूला आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलेल्या दिसतात. पहाटे काटे सोसत वेचलेली, दुपारच्या उन्हानं मऊ पडणारी. उरली तर घरी परत न्यायची, दुसऱ्या दिवशी ती विकता येत नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवा, आणि त्या द्रोणासाठी घासाघीस तेवढी करू नका.