भिंतीवर न मावलेली नावे

कुलाब्याहून नेव्हीनगरकडे निघालात की झाडांच्या शेंड्यांवरून एक निमुळता मनोरा डोके वर काढतो. उंची १९८ फूट. कधी काळी बंदरात शिरणाऱ्या जहाजांनाही तो लांबून दिसायचा. कागदोपत्री हे सेंट जॉनचे चर्च. कंडक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी मात्र 'अफगाण चर्च'.

पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत कामी आलेल्यांचे हे स्मारक. पाया घातला १८४७ मध्ये, उपासना सुरू झाली १८५८ मध्ये आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. आराखडा हेन्री कोनिबेअरचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी देणारा इंजिनिअर तो हाच! नळाचा हिशेब मांडणाऱ्या हाताला कमानीचा इतका सोस असावा, याची मला मोठी गंमत वाटते.

बाहेरचा दगड कुर्ल्याचा, फिकट बदामी. आत पाऊल टाकले की नजर आपोआप वर जाते. गॉथिक बांधणीची सारी करामत हीच. दोन वक्ररेषा दोन बाजूंनी चढत जातात, टोकाशी भेटतात आणि छताचा भार गुपचूप खांबांवर उतरवतात. खिडक्या अरुंद, उंच, भाल्याच्या पात्यासारख्या. काचचित्रकार विल्यम वेल्सच्या रंगीत काचांतून सकाळचे ऊन उतरले की निळा-तांबडा उजेड फरशीवर सांडतो. ती फरशीही साधी नव्हे: विलायतेहून आणलेल्या टाइल्सची, वास्तुकार बटरफील्डने बेतलेली भौमितिक नक्षी.

मी मात्र रेंगाळतो तो भिंतीपाशी. तिथे अधिकाऱ्यांची नावे नीट कोरलेली आहेत. बाकीच्यांविषयी स्मरणलेख एवढेच सांगतो, की साधे सैनिक इतके होते, की त्यांची नावे अशी नोंदवता येत नाहीत. टाइलचा एकेक तुकडा मोजून बसवणाऱ्यांना माणसे मोजणे जड गेले!

या मोहिमांत लढलेल्या मुंबई फौजेत कोकणातले शिपाई ढिगाने होते. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या कहानच्या गढीत वेढा सोसणारी पाचवी पलटण मुंबई फौजेचीच; आज ती मराठा लाइट इन्फंट्रीची 'काली पाचवी' आहे. घरी न परतलेल्या कित्येकांच्या वाट्याला गावी साधा चिराही आला नसेल.

इमारत देखणी आहे, यात वादच नाही. जाल तेव्हा काचा जरूर पाहा. पण आधी तो लेख वाचा.