सातवा फर्मा

पुस्तकांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पुस्तकाकडे मात्र क्वचितच पाहतो. लेखकाची शैली, पात्रे, जीवनदर्शन यांवर आपण पुरवण्यांमागून पुरवण्या भरू. पण हातातले पुस्तक किती फर्म्यांचे, शिवलेले की नुसतेच चिकटवलेले, असे कोणी विचारले तर भल्याभल्यांची दांडी गुल होईल. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची पडताळणी निघाली. 'कमवा आणि शिका' योजनेतून मी त्या कामावर होते. तिथे या विद्येशी माझी ओळख झाली.

विद्या तशी साधी आहे. पुस्तक एकेका पृष्ठाने छापले जात नाही. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर मिळून बहुधा १६ पृष्ठे छापतात आणि त्याची घडी घालतात. तो झाला फर्मा. असे फर्मे ओळीने रचून शिवले की पुस्तक तयार. क्रम चुकू नये म्हणून जुन्या पुस्तकांत फर्म्याच्या पहिल्या पृष्ठाच्या तळाशी बारीक अंक असतो. पृष्ठ १७ च्या तळाशी २, पृष्ठ ३३ च्या तळाशी ३. वाचणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही. बांधणारा मात्र तेवढेच वाचतो! आमच्याकडे येणारे बाइंडरकाका पुस्तकाच्या पाठीकडून नुसत्या घड्या मोजून फर्मे सांगत. मला म्हणाले, "पोरी, पान फाटलं तर दिसतं. अख्खा फर्मा गेला तर काहीच दिसत नाही. म्हणून मोजायचं."

आकारही घडीवरूनच ठरतो. १५ × २० इंची क्राउन कागदाची आठ पत्रे पडली की साडेसात बाय पाच इंचांचे पुस्तक होते. ते क्राउन अष्टपत्री. पुन्हा बांधताना कडा कापल्या की हे माप घटते, आणि कधीकधी समासात कुणी जीव लावून लिहिलेली टिपणेही त्यासोबत जातात. म्हणून मोजपट्टी जवळ हवी. पोथीचे गणित निराळे. तिथे शिवण नसते, पत्रे सुटी असतात आणि अंक पृष्ठाला नसून पत्राला असतो. ५० पत्रांच्या पोथीची पृष्ठे १००. एखादे पत्र हरवले तर साक्ष द्यायला तेवढा तो अंक.

आता खरी गोष्ट. मोडीत काढायच्या पुस्तकांच्या यादीत १९२० च्या सुमाराचे एक प्रवासवर्णन होते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आतल्या आम्लाने तपकिरी झालेला. कोपरा दुमडला की तुटे. पुठ्ठा केव्हाच वेगळा झालेला. पुढे शेरा होता : 'इंटरनेटवर प्रत उपलब्ध. काढून टाकण्यास हरकत नाही.' दाखल नोंदवहीत पृष्ठे २२४. संगणकावरच्या प्रतीचे शेवटचे पृष्ठही २२४. हिशेब चोख जुळला!

पण काकांची सवय मला लागली होती. मी पडद्यावर तळाचे अंक पाहत गेले. चार, पाच, सहा आणि एकदम आठ! पृष्ठ ९६ नंतर थेट ११३. बरोबर १६ पृष्ठे, बरोबर एक फर्मा. पडद्यावरचा लेखक नाशकात रात्री झोपतो, आणि पुढच्याच ओळीत घाट उतरत असतो. नाशिक ते त्र्यंबक हा त्याचा सगळा प्रवास सातव्या फर्म्यात होता, आणि सातवा फर्मा आमच्या रद्दीच्या गठ्ठ्यात!

"दुसरीकडे असेल की एखादी पूर्ण प्रत," असे कोणीतरी म्हणालेच. असेलही. पण फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले, आणि त्या छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत ज्ञात नाही. हस्तलिखिते उरली म्हणून काव्य वाचले. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले. 'दुसरीकडे असेल' या भरवशावर तेव्हाही कितीजण निश्चिंत राहिले असतील!

आमच्या ग्रंथपालबाईंनी जुना शेरा खोडला आणि तिथे लिहिले : 'क्राउन अष्टपत्री. फर्मे १४, सर्व पूर्ण. शिवण शाबूत, पुठ्ठा सुटा, कागद ठिसूळ. जतन करावे.' मग पुस्तक पोथीसारखे कापडात बांधून कपाटात ठेवले.

या नोंदीत लेखकाच्या प्रतिभेविषयी अवाक्षर नाही. परीक्षेत तिला अर्धा गुणही मिळणार नाही. पण प्राध्यापकमहाराज, आपण आम्हांला संदर्भासह स्पष्टीकरण लिहायला सांगता. संदर्भच सातव्या फर्म्यात असला, तर आम्ही काय करावे?