लँगहोम : शीव राखणारे गाव

कापडाच्या व्यवसायात असलेल्या वाचकांना 'रीड अँड टेलर' हे नाव नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. अमिताभ बच्चन यांच्या जाहिरातींमुळे सुटाचे हे कापड भारतात घरोघरी माहीत झाले. ते आपल्याकडे म्हैसूरला विणले जात असे. परंतु या नावाची मूळ गिरणी १८३७ साली स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील लँगहोम नावाच्या लहानशा गावी निघाली होती. महाबळेश्वरला ज्यांचे नित्य जाणे-येणे आहे त्यांना 'माल्कम पेठ' हे नावही परिचित असेल. १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम यांचे ते नाव. १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून, वाईजवळचे खंडाळा देऊन त्याच्या बदल्यात त्यांनी महाबळेश्वरची जागा कंपनी सरकारकडे घेतली. हे माल्कमही लँगहोमजवळच्या बर्नफूटचेच. कर्जाने गांजलेल्या एका शेतकऱ्याच्या सतरा मुलांपैकी ते एक.

एकाच गावातून आपल्याकडे एक पेठ आणि एक कापडाचा छाप आला, हे कळल्यावर ते गाव पाहण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. माझा भाचा इंग्लंडच्या उत्तर टोकाला कार्लाइल येथे नोकरीस आहे. तेथून लँगहोम अवघे वीस मैल. त्याच्याकडील मुक्कामात मी बसने तेथे चार-पाच वेळा जाऊन आलो. स्थानिक लोक नावाचा उच्चार 'लँगम' असा काहीसा करतात, आणि प्रेमाने त्याला 'मकल टून', म्हणजे मोठे गाव, म्हणतात. लोकवस्ती सव्वादोन हजारांच्या आसपास! आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणावे की गाव, असा प्रश्न पडेल. एस्क, यूज आणि वॉकोप या तीन नद्यांचा येथे संगम होतो. चहूबाजूंनी गवताळ टेकड्या, करड्या दगडाची घरे, एक मुख्य रस्ता आणि त्यावर नगरसभागृह. पूर्वेच्या व्हिटा टेकडीवर शंभर फूट उंचीचा दगडी स्तंभ आहे. तो माल्कम यांचाच. ज्यांनी १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेतली आणि वर्षाला आठ लाखांचा तनखा मान्य केला म्हणून वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला, त्यांच्या स्तंभाखाली एका मराठी माणसाने उभे राहावे, यात जी संमिश्र भावना दाटते तिचे वर्णन मी करीत नाही.

गावाची स्थिती मात्र प्रथमदर्शनी वाटते तितकी सुखाची नाही. लोकरीच्या गिरण्यांवर हे गाव पोसले गेले. त्या एकामागून एक थांबल्या. रेल्वेची प्रवासी वाहतूक १९६४ साली बंद झाली. रीड अँड टेलरची मूळ गिरणीही अलीकडच्या काळात बंद पडली. १९४६ साली येथेच जन्मलेली 'एडिंबरो वुलन मिल' ही ब्रिटनभर दुकाने असलेली पेढी नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुख्य रस्त्यावर फिरताना काही दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेला दिसतो. व्यापारी घरातल्या माणसाला त्या कागदाचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि नेमक्या त्याच काळात या गावाने साठ लाख पौंडांचा व्यवहार अंगावर घेतला होता.

लँगहोमभोवतालची माळराने ड्यूक ऑफ बक्ल्यू यांच्या इस्टेटीची. हे घराणे ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या खाजगी जमीनमालकांपैकी एक. या माळावर हेदरची झुडपे आणि त्यांत ग्राऊस नावाचा तितरासारखा पक्षी. धनिकांनी बंदुका घेऊन यावे, हाकाऱ्यांनी पक्षी उठवावेत आणि त्यांची शिकार व्हावी, हा या जमिनीचा धंदा होता. हॅरियर नावाचा शिकारी ससाणा ग्राऊस खातो आणि त्या ससाण्याला कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा दोघांचा मेळ कसा घालावा यासाठी शास्त्रज्ञांनी येथे १९९२ ते १९९७ आणि पुन्हा २००८ ते २०१७ असे दोन दीर्घ प्रयोग केले. शिकारीचा व्यवसाय पुन्हा उभा राहील एवढे ग्राऊस काही झाले नाहीत. अखेर २०१९ साली इस्टेटीने साडेदहा हजार एकर जमीन विक्रीस काढली. ज्या धंद्याचा शेवट ऐकून आपल्या वाचकांपैकी कोणालाही दुःख होणार नाही, असा हा एक धंदा.

मग गावाने काय करावे? १९९४ पासून तेथे 'लँगहोम इनिशिएटिव्ह' ही धर्मादाय संस्था काम करीत होती. तिने ठरवले की ही जमीन गावाने घ्यावी. एकूण किंमत साठ लाख पौंड. पौंड शंभर रुपयांचा धरला तर साठ कोटी; आणि लहान मुलासकट दरडोई अडीच हजार पौंडांहून अधिक. माझ्यासमोर असा प्रस्ताव कर्जासाठी आला असता तर मी तो नम्रपणे परत केला असता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण ही मंडळी कर्ज मागतच नव्हती. स्कॉटिश सरकारच्या भूमी निधीतून दहा लाख पौंड मिळाले, निसर्गरक्षणाच्या संस्थांनी आणि न्यासांनी रकमा दिल्या, आणि जगभरच्या हजारो सामान्य माणसांनी संगणकावरून पाच-दहा पौंड पाठवून दोन लाखांहून अधिक रक्कम जमवली. करोनाचे वर्ष, मुदत ३१ ऑक्टोबर २०२०. सगळी रक्कम एकदम उभी राहणार नाही हे दिसल्यावर दोन्ही पक्षांनी समजूतदारपणे व्यवहाराचे दोन भाग पाडले. मार्च २०२१ मध्ये ५,२०० एकर आणि सहा घरे ३८ लाख पौंडांस. उरलेले ५,३०० एकर २०२२ साली २२ लाखांस. पहिल्या भागाचा एकरी दर सुमारे ७३० पौंड, दुसऱ्याचा ४१५. पहिल्यात घरे होती, हे तफावत पाहताना लक्षात घ्यावे. आता या जमिनीला 'टारस व्हॅली नेचर रिझर्व्ह' म्हणतात. तेथे दलदलीतील पीट, म्हणजे हजारो वर्षांत साठलेला वनस्पतींचा काळा थर, पुन्हा ओला करणे, देशी झाडे लावणे आणि पक्षी पाहण्यास येणाऱ्यांची सोय करणे अशी कामे हाती घेतली आहेत.

एडिंबरोत १९९९ पासून स्कॉटलंडची स्वतंत्र संसद आहे, आणि जमीनमालकीचा प्रश्न तिने आरंभापासून हाती घेतला. सरंजामी पद्धतीची जमीनधारणा तेथे कायद्याने संपली ती २८ नोव्हेंबर २००४ रोजी. आपल्या पिढीने पाहिलेला दिवस आहे तो! २००३ च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संस्थेला जमीन विक्रीस निघाल्यास प्रथम खरेदीचा हक्क नोंदवता येऊ लागला. लँगहोमचा व्यवहार मात्र बळजबरीचा नव्हता. तो वाटाघाटींनीच झाला.

माझ्यातला हिशेबनीस तरीही स्वस्थ बसत नाही. खरेदीसाठी देणगी मिळते, कारण खरेदीत उत्साह असतो. कुंपणाच्या दुरुस्तीला देणगी मागून पाहावी. आपल्यापैकी ज्यांनी पांजरपोळाच्या विश्वस्त मंडळावर काम केले आहे त्यांना इमारत निधी आणि चारा निधी यांतला फरक ठाऊक आहे. घरभाडे, पर्यटक आणि पीटच्या कामाची सरकारी अनुदाने यांवर साडेदहा हजार एकरांचा नित्य खर्च कायम चालेल काय, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. गावातही सर्वांचे मत एक नाही. नदीकाठच्या बाकावर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले की त्यांना पक्ष्यांपेक्षा गिरणीचा भोंगा अधिक आवडला असता. त्यांचा मुलगा दक्षिणेकडे निघून गेला आहे.

गावाचा कारभार कोण पाहते, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९७५ पर्यंत लँगहोमला स्वतःची नगरपालिका होती. तिच्या अखेरच्या काळातील एक प्रसंग मोठा गमतीचा. या सीमाभागात पूर्वी आर्मस्ट्राँग नावाचे दंगेखोर घराणे होते. मार्च १९७२ मध्ये चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांना गावाने सन्माननीय नागरिकत्व दिले, आणि समारंभात, आर्मस्ट्राँग सापडला तर त्याला फाशी द्यावी असा जुना नियम अद्याप रद्द झालेला नाही, अशी आठवण त्यांना विनोदाने करून देण्यात आली. पुढे तीनच वर्षांत नव्या कायद्याने ती नगरपालिकाच गेली. आज तीसहून अधिक मैलांवरच्या डमफ्रीस येथून 'डमफ्रीस अँड गॅलोवे कौन्सिल' सारा कारभार पाहते. क्षेत्रफळ सुमारे ६,४०० चौरस किलोमीटर, लोकसंख्या दीड लाखाच्या आत, निवडून आलेले सभासद ४३. माल्कम पेठ ज्या जिल्ह्यात येते त्या साताऱ्याचे क्षेत्रफळ याच्या दीडपटीहून थोडे अधिक आणि लोकसंख्या वीसपट. म्हणजे येथे माणसे विरळ आणि रस्ते लांब. शाळेची गाडी, कचरा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचे मीठ, प्रत्येक सेवेचा खर्च माणशी जास्त येतो.

गावपातळीवर उरली आहे ती 'कम्युनिटी कौन्सिल'. हिच्या सभासदांना मानधन नाही, तिला कर बसवता येत नाही. मात्र बांधकामाच्या अर्जांवर तिचे मत घ्यावे लागते. स्थानिक निवडणुकांत सोळाव्या वर्षीच मतदानाचा अधिकार मिळतो. एका संध्याकाळी मी अशा सभेत मागच्या खुर्चीवर बसलो. पोलिसांचा अहवाल, रस्त्यावरचे खड्डे, सार्वजनिक स्वच्छतागृह बंद राहते ही तक्रार, बसच्या वेळा. खजिनदार बाईंनी शिल्लक पैशापैशासह वाचली आणि कोणीही ती ऐकताना घड्याळाकडे पाहिले नाही. मला फार बरे वाटले. या सभांची बातमी छापणारे 'एस्कडेल अँड लिडस्डेल अ‍ॅडव्हर्टायझर' हे साप्ताहिक १८४८ सालचे. मोठ्या प्रकाशनसमूहाला ते परवडेना, तेव्हा लोकहितासाठी स्थापलेल्या एका स्थानिक कंपनीने ते चालवण्यास घेतले. जमिनीआधी गावाने आपले वृत्तपत्र ताब्यात घेतले, असा हा क्रम आहे.

जुलैच्या अखेरच्या शुक्रवारी 'कॉमन रायडिंग' असते. गावाच्या सामायिक कुरणाच्या व पीटच्या हद्दीविषयी १७५९ साली एडिंबरोच्या न्यायालयातून निकाल मिळाला. त्या हद्दी विसरल्या जाऊ नयेत म्हणून दरवर्षी एक माणूस शिवेवरून फिरून येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून हे घोड्यांवरून होऊ लागले. त्यासाठी गाव एका तरुणाला 'कॉर्नेट' म्हणून निवडते. तो ध्वज घेऊन पुढे, मागे घोडेस्वारांची रांग, आणि सारे एका अरुंद चढाच्या गल्लीतून दौडत व्हिटा टेकडीवर जातात. मिरवणुकीत फावडे, उंच काठीवरचा काटेरी थिसल, गुलाबांचा मुकुट आणि लाकडी ताटावर खिळ्याने ठोकलेली बार्लीची भाकरी व खारवलेला मासा अशी चिन्हे असतात. माशाविषयी मी न बोलणेच योग्य. फावड्याने वर हद्दीवर गवताची ढेकळे कापतात. खाली बाजारात एक पुकारणारा घोड्याच्या पाठीवर चक्क उभा राहून गावाचे हक्क मोठ्याने सांगतो. लहान मुले हेदरचे झाडू खांद्यावर घेऊन चालतात आणि त्याबद्दल त्यांना नाणे मिळते. परदेशी स्थायिक झालेले लँगहोमकर त्या दिवशी परततात. आपल्याकडे जत्रेला मुंबईकर परततात तसे. मी ते सर्व पाहिले आणि मग जमीनखरेदीचे कोडे मला पुष्कळसे उलगडले. अडीचशेहून अधिक वर्षे जे दरसाल आपली शीव मोजतात, त्यांना शेजारची जमीन विकली जात असताना गप्प बसवले नसावे.

सवड असेल त्यांनी आणखी दोन ठिकाणे पाहावीत. एस्कच्या वरच्या खोऱ्यात बेंटपाथ येथे वेस्टरकर्क ग्रंथालय आहे. सुरमा धातूच्या खाणीतील मजुरांनी ते १७९३ च्या सुमारास सुरू केले. याच परिसरात मेंढपाळाच्या घरी जन्मलेले थोर पूलबांधणी अभियंते टॉमस टेलफर्ड १८३४ साली वारले तेव्हा मृत्युपत्रात या ग्रंथालयास एक हजार पौंड ठेवून गेले. पूर्वी तेथे पुस्तके महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या दिवशी बदलून मिळत. मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांना चांदण्यात घरी परतता यावे म्हणून.

दुसरे ठिकाण समुद्राकाठचे रुथवेल. माझ्यासारख्यास ते तीर्थस्थानच. १८१० साली तेथील धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी गरिबांसाठी बचत बँक काढली. अन्य बँका लहान ठेव स्वीकारत नसत. येथे सहा पेनीवर खाते उघडे. पहिल्या वर्षअखेर ठेवी जमल्या १५१ पौंड. पेटीला तीन कुलपे आणि तीन वेगवेगळ्या माणसांकडे किल्ल्या, म्हणजे तिघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे. संयुक्त ताब्याचा हाच नियम मी तिजोरीच्या दाराशी छत्तीस वर्षे पाळला. आणि त्याच मुलखात आज खेडोपाडीच्या शाखा मिटत आहेत. २०१७ च्या डिसेंबरात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एकट्या स्कॉटलंडमधील ६२ शाखा बंद करण्याचे जाहीर केले. अनेक गावांत आता आठवड्यातून ठरल्या दिवशी बँकेची गाडी येते, अर्धा-पाऊण तास थांबते, आणि म्हातारी माणसे पावसात छत्र्या धरून तिच्या पायरीपाशी रांग लावतात.

जाणाऱ्यांसाठी : कार्लाइलहून एडिंबरोच्या दिशेने जाणारी बस लँगहोमला थांबते. जुलैच्या अखेरीस जायचे असल्यास निवासाची सोय काही महिने आधी करावी, कारण त्या आठवड्यात गावात खाट मिळत नाही. छत्री व जाड बूट अवश्य न्यावेत. शाकाहारी पदार्थ उपाहारगृहांत मिळतात, पण कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्यांनी खाखरा आणि थेपले जवळ बाळगावेत. व्हिटा टेकडीची चढण पाऊण तासाची. स्तंभापाशी वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.