बदली, दोघांची

परदेशी कोण जातं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. मुलं जातात. आईबाबा मागे राहतात, लोणच्याच्या बरणीला तिसरी प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात आणि वेळेचा फरक बोटांवर मोजत फोनची वाट बघतात. तुमच्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांची हीच गोष्ट असेल. माझीही हीच. डोंबिवलीहून इंग्लंडमधल्या प्रेस्टनला मी पत्रकारितेचा वर्षभराचा कोर्स करायला गेले.

त्यामुळे प्रेस्टनमधल्या माझ्या शेजाऱ्यांचं गणित मला सुटेचना. नवरा 69 वर्षांचा, बायको 67. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका लहान गावातले. चार मुलं, अकरा नातवंडं, सगळी तिकडे. आणि हे दोघं इथे, लँकेशायरच्या पावसात, 18 महिन्यांसाठी. फिरायला नाही, कामाला! तेही बिनपगारी. भाडं, किराणा, सगळं स्वतःच्या खिशातून.

ओळख झाली ती कचऱ्याच्या डब्यांवरून. कुठल्या आठवड्यात कुठला डबा बाहेर ठेवायचा हे अख्ख्या गल्लीत फक्त मला आणि त्यांनाच कळत नव्हतं. आजोबांनी शेवटी तक्ता बनवला, स्वतःच्या फ्रिजवर लावला आणि एक प्रत माझ्या दारातून आत सरकवली. पांढरा शर्ट, टाय आणि खिशावर काळी नेमप्लेट. कचऱ्याचा डबा ढकलतानाही नेमप्लेट!

"आम्ही मिशनरी आहोत," आजी म्हणाल्या.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच चित्रं येतात. एक मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलचं, दुसरं धर्मांतरावरून टीव्हीवर चालणाऱ्या भांडणाचं. टाय लावून डबा ढकलणारा आजोबा यातल्या कशातच बसत नव्हता.

त्यांचं चर्च म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 1830 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. पण 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी हे टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या असं बजावलं. त्यामुळे ओळख करून देतानाच निम्मा श्वास संपतो. या चर्चची जोडीजोडीने फिरणारी तरुण पोरं तुम्ही एखाद्या इंग्रजी सिनेमात पाहिली असतील. अठरा पूर्ण झाली की मुलांनी दोन वर्षं घर सोडून चर्चचं काम करायचं, असा रिवाज. निवृत्त जोडपीही अशी जातात, हे मात्र मला नवीन होतं. त्यांच्यासाठी अटी साध्या आहेत. पदरात लहान मुलं नकोत, तब्येत धड हवी आणि खर्च आपला आपण करायचा. म्हणजे पेन्शन आणि गुडघे दोन्ही शाबूत असलेल्यांचंच हे काम, हेही खरं.

पुरुष मिशनऱ्याला एल्डर म्हणायचं, बाईला सिस्टर. एल्डर म्हणजे वडीलधारा; पण मिसरूड न फुटलेला पोरगाही एल्डरच! आणखी एक खोच माझ्या लक्षात आली ती जरा उशिरा. एल्डर हे त्यांच्यातलं धार्मिक पद आहे आणि ते फक्त पुरुषांना मिळतं. सिस्टर ही नुसती हाक.

मी पहिल्याच आठवड्यात थेट विचारून टाकलं, "मला ख्रिश्चन करणार आहात का?"

एल्डर मनापासून हसले. "निमंत्रण द्यायचं काम माझं. नको म्हणायचं काम तुझं. दोघांनी आपापलं काम केलं की शेजार टिकतो." मी नको म्हटलं. शेजार टिकला. त्यांनी दिलेलं पुस्तक माझ्या कपाटात कोर्सच्या पुस्तकांशेजारी वर्षभर राहिलं, आणि खरं सांगते, कोर्सच्या पुस्तकांइतकंच कोरं राहिलं.

पण ही माणसं दिवसभर करतात काय? माझ्यातली पत्रकार गप्प बसेना. दारोदार फिरून प्रचार करण्याची सक्ती जोडप्यांना नसते. मग एका मंगळवारी मी शेपटासारखी त्यांच्यामागे फिरले.

सकाळी साडेसहाला दिवस सुरू. दोघं डायनिंग टेबलाशी बसून बायबल आणि बुक ऑफ मॉर्मन आळीपाळीने मोठ्याने वाचतात. मग ओट्सची लापशी. चहा नाही. लँकेशायरमध्ये राहायचं आणि चहा नाही! चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. सिस्टर मला आल्यागेल्या हॉट चॉकलेट द्यायच्या. शेवटी मी गुजराती दुकानातून (प्रेस्टनमध्ये गुजराती वस्ती मोठी आहे, देवाची कृपा) चहाचा मसाला आणला आणि पत्ती न घालता नुसत्या दुधात उकळून त्यांना दिला. नियमात बसतंय ना, हे तीनदा विचारून मग त्यांनी कप तोंडाला लावला. पुढे मसाला त्यांच्याकडे माझ्यापेक्षा लवकर संपायला लागला.

आठ वाजता गाडी. मागच्या सीटवर धुतलेल्या चादरी, एक मायक्रोवेव्ह, खोकल्याचं औषध आणि बल्बचं खोकं. तरुण मिशनऱ्यांचे फ्लॅट तपासायचे होते. एल्डर आयुष्यभर उजव्या बाजूने गाडी चालवलेले, इथे सगळं डावीकडून. प्रत्येक गोल चौक आला की सिस्टर डोळे मिटून डॅशबोर्ड धरायच्या. मी विचारलं, प्रार्थना करताय का? "नाही, ती मी घरूनच करून निघते."

पहिल्या फ्लॅटमध्ये दोन एकोणीस वर्षांची पोरं राहत होती. आम्ही येणार हे आधी कळवलेलं असूनही ओव्हनमध्ये पिझ्झाचा कोळसा. सिस्टरनी बाथरूमच्या कोपऱ्यातली बुरशी बोटाने दाखवली आणि काही न बोलता ब्रश पोराच्या हातात दिला. एल्डर सिंकखाली आडवे झाले. आयुष्यभर त्यांनी शाळेच्या बस दुरुस्त केल्या, नळ म्हणजे किरकोळ. तेवढ्यात दुसरा पोरगा सिस्टरला हळूच म्हणाला, झोप लागत नाही, घरची आठवण येते. 2019 पर्यंत या मुलांना वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. आता आठवड्यातून एकदा चालतो. सिस्टर त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि अर्धा तास त्याच्या गावाबद्दल, कुत्र्याबद्दल विचारत राहिल्या. देवाचं नाव मी मोजून एकदा ऐकलं.

बाकी आठवडा असाच. एक दिवस एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांकडे. एक दिवस चोर्लीच्या मंदिरात. हो, ते मंदिरच म्हणतात. एम 61 महामार्गालगत, पांढरंशुभ्र, 1998 मध्ये उघडलेलं. बुधवारी संध्याकाळी तरुणांसाठी वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक. रविवारी दोन तास चर्च आणि रात्री आठला युटाला फोन. तिकडे तेव्हा दुपारचा एक.

मंदिरावरून आमचं एकदा जरा वाजलं. सिस्टरना वंशावळीचा नाद. माझे पूर्वज विचारायला लागल्या. पणजोबांपुढे माझी गाडी जाईना. आमच्याकडे कुलवृत्तांताचा ठोकळा आहे, पण तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात. सिस्टर म्हणाल्या, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म युटाच्या वंशावळी संस्थेने केव्हाच करून ठेवली आहे. मी थक्क. मग कळलं की मेलेल्या पूर्वजांच्या वतीने, जिवंत माणसाला उभं करून, मंदिरात बाप्तिस्मा दिला जातो. नावं त्यासाठीही लागतात.

"माझ्या पणजीला विचारलं का कुणी?" माझा आवाज चढला असावा.

"तुझ्या पणजीचं नाव आम्ही घेत नाही, आपापल्या घरचीच घ्यायची असतात," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि आमच्या आजीनेसुद्धा तिकडे वर नको म्हटलं, तर ते चालतं. शेवटचा शब्द तिचा."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण पितृपक्षात आपण तरी कुठे विचारतो? पणजीला खीर आवडायची की नाही हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. पान दरवर्षी वाढलं जातं.

सोमवारी त्यांची सुट्टी. इस्त्री, बाजार आणि रिबल नदीकाठी एव्हनहॅम पार्कात फेरी. या नदीला त्यांच्या लेखी फार महत्त्व. 1837 च्या जुलैत हीबर किंबल आणि त्याचे साथीदार अमेरिकेहून प्रेस्टनला पोहोचले. या चर्चचे इंग्लंडमधले ते पहिले मिशनरी. 30 जुलैला याच नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पुढे इथून हजारो माणसं युटाला स्थलांतरित झाली, सिस्टरच्या खापरपणजीचे आईवडीलही त्यातच. एल्डर ही गोष्ट रंगवून सांगत होते. सिस्टर पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला मात्र इथे आलं की व्हिलेट आठवते."

व्हिलेट म्हणजे किंबलची बायको. तो मुलांसह तिला ओहायोत ठेवून आला होता.

मला आमची नंदुरबारची खोली आठवली. मी तिसरीत असताना बाबांची बँकेने तिकडे बदली केली. तीन वर्षं बाबा एका शेगडीवर खिचडी टाकून राहिले, आणि आईने डोंबिवलीत आम्हा दोघा भावंडांच्या शाळा, आजीचं आजारपण आणि सोसायटीचं पाणी सांभाळलं. बदली बाबांची झाली होती, असंच घरात आजवर म्हणतात.

सगळं गोड होतं असं समजू नका. डिसेंबरात प्रेस्टनला चारच्या आत अंधार पडतो. त्याच महिन्यात त्यांना बारावं नातवंड झालं. अशा वेळी स्वखर्चाने थोडे दिवस घरी जाऊन येता येतं, पण तिकिटांचे दर बघून त्यांनी लॅपटॉप मिटला. मिशनसाठी एल्डरनी आधीच त्यांचा ट्रक विकला होता. त्या रविवारी फोन ठेवल्यावर सिस्टर बराच वेळ भांडी घासत उभ्या होत्या. ती आधीच घासलेली होती. एल्डर आले, फडकं घेतलं आणि एकेक ताट पुसायला लागले. 44 वर्षांच्या संसारात त्यांनी भांड्यांना कधी हात लावला नव्हता, हे सिस्टरनीच मला एकदा सांगितलं होतं. मिशनमध्ये जोडीदाराला 'कंपॅनियन' म्हणतात. "घरी मी बायको होते. इथे कामाची वाटणी आहे," त्या म्हणाल्या.

हे सगळं मी घरी फोनवर सांगायचे. बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. त्यांचे प्रश्न बँकेचे. "भाडं पेन्शनीतून देतात? आणि मेडिक्लेमचं काय?" मग एका रविवारी ते जरा घुटमळत म्हणाले, जव्हारकडे एका आश्रमशाळेत हिशेब बघायला माणूस हवाय, राहायला खोली आहे, वर्षभराचं काम आहे.

मी काही बोलायच्या आत मागून, स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "त्या बाईला विचारलं होतं का कुणी? जायचं का म्हणून?"

मी सिस्टरना विचारलं. त्या इस्त्री करत होत्या.

"फॉर्म मीच भरला," त्या म्हणाल्या. "तोच तीन वर्षं नको म्हणत होता. ट्रकसाठी."

पुढच्या रविवारी मी हे जसंच्या तसं आईला सांगितलं. ती हसली नाही. बाबा शेजारीच बसले असणार, कारण तिने आवाज अजिबात खाली आणला नाही.

"जव्हारला उन्हाळ्यात पाण्याचं कसं असतं ते आधी विचारून घ्या म्हणावं. आणि खोलीत शेगड्या दोन हव्यात."