चौकट : आपली आहे

बाबांच्या वहीत आमचं घर चार वेळा बांधून झालं होतं. 1981, 1989, 1998 आणि 2009. दोनशे पानी वही, तपकिरी कागदाचं कव्हर, आत फूटपट्टीने आखलेले रकाने. तपशील, परिमाण, दर, रक्कम. मोर्शीच्या जरा बाहेर कपाशीचं शेत मोडून पाडलेल्या लेआउटमध्ये त्यांनी तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला तेव्हा मी तीन वर्षांची होते. रस्ता नव्हता, नाली नव्हती, खांब नव्हते. चार कोपऱ्यांत चार दगड आणि मधे बाभळीची रोपं. त्या जागेवर बाबांनी नऊशे चौरस फुटांचं घर मांडलं. एक बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि पुढे छपरी.

आमच्या घरात मुलांना पाढे या वहीवर आले. संध्याकाळी बाबा शाळेतून आले की मी दर वाचायचे आणि ते गुणाकार करायचे. लिटर आणि किलोमीटरच्या आधी मला ब्रास कळला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, मग ती रेती असो, गिट्टी असो की मुरूम. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं म्हणजे सव्वा घनफूट. सळईचं वजन काढायचं तर जाडीचा वर्ग करायचा आणि 162 ने भागायचं, मीटरला किती किलो ते निघतं. बारा मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला 890 ग्रॅमच्या आसपास येतं, हे मला सहावीत असताना माहीत होतं. वर्गात ते कुणी विचारणार नाही याचं मला खरोखर वाईट वाटायचं.

पहिल्या अंदाजपत्रकात सिमेंटपुढे दर लिहून कंसात ‘परमिट’ असं आहे. तेव्हा सिमेंट दुकानात जाऊन मागायची वस्तू नव्हती, अर्ज करून मिळवायची वस्तू होती. त्याच सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी 1982 मध्ये अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्याच महिन्यात सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठलं आणि 1 मार्च 1989 पासून पूर्ण उठलं. बाबांचं दुसरं अंदाजपत्रक त्याच उन्हाळ्यातलं आहे. परमिटची कटकट गेली म्हणून ते पुन्हा हिशेबाला बसले होते. 54 हजारांचं घर तोवर एक लाख आठ हजारांवर गेलं होतं.

ती चारही घरं का झाली नाहीत, ते थोडक्यात सांगता येतं. एकदा आत्याचं लग्न, एकदा संत्र्याचा मृग बहार फुटलाच नाही. तिसऱ्या वेळी माझं आणि भावाचं शिक्षण, चौथ्या वेळी आईचं ऑपरेशन. भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी काढलेली उचल प्रत्येक वेळी दुसऱ्याच कामाला लागली. बाबांनी त्यावर कधी उसासा टाकलेला मला आठवत नाही. ते वही बंद करायचे आणि आठ-दहा वर्षांनी नवं पान उघडायचे.

1989 च्या पानावर एक ओळ आली, आणि ती पुढच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तशीच उतरत गेली. ‘चौकट, सागवानी, 1 नग. आपली आहे. 0 रु.’

ती चौकट आईच्या माहेरची. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झालं, त्याच्या पाण्याखाली जी गावं गेली त्यात आईचं गाव होतं. आता त्या जलाशयाला नळ-दमयंती सागर म्हणतात. अमरावती शहर त्याचं पाणी पितं, आणि पावसाळ्यात तेरा दारं उघडली की लोक डबे घेऊन पाहायला जातात. आई कधी गेली नाही. गाव उठायच्या आधी लोकांनी आपापली घरं स्वतःच्या हातांनी उतरवली. कवेलू, फाटे, कडीपाट, जे निघेल ते बैलगाडीवर घातलं. मामाने मधल्या घराची चौकट आमच्याकडे आणून टाकली. वरच्या पट्टीवर कोरलेलं कमळ, आणि उंबरठ्यावर पायांनी झिजून पडलेली एक खोलगट जागा. भाड्याच्या घरात ती तेहेतीस वर्षं भिंतीला टेकून उभी राहिली. आई दिवाळीला तिला तेल लावायची.

मी पुढे बँकेत लागले. गृहकर्जाच्या फायली माझ्या टेबलावर येऊ लागल्या आणि शेकडो घरांची अंदाजपत्रकं मी वाचली. त्यात एक गोष्ट मला सारखी दिसत गेली. कागदावरचं घर जोत्यापासून वर सुरू होतं. विटा किती, फरशी कोणती, खिडक्यांना काच की जाळी, हे सगळं बारीक लिहिलेलं असतं. जोत्याच्या खाली मात्र एकच ओळ : ‘पाया, ढोबळ.’ बाबांच्या चारही अंदाजपत्रकांत तेच होतं. सगळ्यांत सरळ, प्रामाणिक माणसाच्या हिशेबातही जमीन नव्हती.

आणि आमच्याकडे तर जमीनच सगळं ठरवते. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी कापसाची माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी मिळालं की फुगतं, वाळलं की आक्रसतं. लहानपणी प्लॉटवर खेळताना मे महिन्यातल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जायचा. एक काचेची गोटी तिच्यात गेली ती गेलीच. तीच जमीन श्रावणात चप्पल धरून ठेवायची. अशा मातीवर उथळ पायाचं घर उभं केलं, तर ते दर वर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं बसतं. त्या लेआउटमधल्या जुन्या घरांत तुम्ही गेलात तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग दिसेल. पावसाळ्यात दारं अडकतात, चैत्रात ती आपोआप सैल होतात. लोक सुताराला बोलावून दार तासून घेतात. सुताराकडे त्याचा इलाज नाही.

हे आमच्या आजोबांना माहीत होतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घर पांढरीवर. आजोबांचं धाब्याचं घर गढीच्या पायथ्याशी होतं. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी फाटे, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पडायची, आणि ती माती गढीतूनच यायची. खर्च म्हणजे माणसांचे हात आणि चार दिवसांची भाकर. ते घर काही स्वर्ग नव्हतं. पावसात गळायचं, उंदीर असायचे, आणि दर वर्षीचं लिपणं-सारवणं आजीच्या कमरेवर होतं, ते कोणत्याच हिशेबात आलं नाही. पण घर कुठे बांधायचं नाही, एवढं त्या पिढीने शब्दांतच नोंदवून ठेवलं होतं. मग गावं वाढली, पांढरी संपली, शेतं मोडून प्लॉट पडले, आणि आम्ही सगळे काळीवर राहायला आलो. सातबाऱ्यावर जमीन अकृषक झाली. मातीला ते कळायला काही मार्ग नव्हता.

2022 च्या सुरुवातीला मी आणि भावाने ठरवलं की आता पाचवं अंदाजपत्रक शेवटचं. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. एका ठेकेदाराने चौरस फुटाचा एक आकडा सांगितला आणि नऊशेने गुणून कागद हातात दिला. मी विचारलं, यात खड्डा किती खोल धरलाय? त्याने चार फूट सांगितले. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आधी दोन खड्डे खणायला लावले. अंदाजपत्रकाच्या आधीचा हा खर्च आमच्या घरात पहिल्यांदाच झाला. सात फुटांपर्यंत काळी निघाली, त्याखाली पिवळसर घट्ट मुरूम. आमचे मिस्त्री खड्ड्यात उतरले, पहार मारून पाहिली आणि खालूनच बोलले, “ताई, माह्या मजुरीतले कमी करजा, पन इथं कमी नोका करू. हे माती पानी पेते. मुरमात पाय रोवला का मंग घर राह्यते.”

काळी फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली घंटेसारखे रुंद होणारे पाइल घालतात. आमचं नशीब की सातव्या फुटाला मुरूम लागला. कॉलम आठ फुटांपर्यंत खाली नेले, वर सगळ्यांना बांधणारा प्लिंथ बीम घातला, आणि आतली काळी काढून मुरूम भरला. इथे मला बाबांची शिकवणी कामी आली. नऊशे चौरस फूट, तीन फूट भराव, म्हणजे 2,700 घनफूट. कागदावर 27 ब्रास. पण सैल मुरूम पाणी मारून ठोकला की पाचव्या हिश्श्याने बसतो, म्हणून मागवायचा तेहेतीस-चौतीस ब्रास. हा फरक ज्याने धरला नाही त्याचं अंदाजपत्रक पहिल्याच आठवड्यात खोटं ठरतं.

बाबांनी पाचवं पान आखलं. सिमेंट 430 पोती. विटा चौदा हजार. लोहा साडेचार टन, कारण जमिनीखालच्या कामानेच टनभर खाल्लं. नेमकं तेव्हाच रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि लोहा किलोला सत्तरीच्या पुढे गेला. मोर्शीतल्या प्लॉटवर बसून बाबा रोज युद्धाच्या बातम्या ऐकत होते आणि शेजारी वहीत दर लिहीत होते. मे महिन्याच्या 22 तारखेपासून केंद्राने पोलादावर निर्यात शुल्क लावलं, दर उतरले. स्लॅबचा लोहा आम्ही त्यानंतर घेतला. थांबायचा सल्ला बाबांचा होता. चाळीस वर्षं थांबलेल्या माणसाने अजून तीन आठवडे थांबू म्हणावं, आणि ते बरोबर निघावं, याचा मला फार आनंद झाला.

पाण्याचा रकाना मात्र पाचव्या पानावरही राहून गेला. मोर्शी-वरूडचा संत्र्याचा पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखला जातो. 2019 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बागा उभ्या वाळल्या, काका कुऱ्हाड घेऊन बागेत गेले तो दिवस मी विसरले नाही. अशा गावात मे महिन्यात काँक्रीटला पाणी पाजायचं होतं. सिमेंटला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते तहानलेलं राहिलं तर पुढे कितीही पाजा, उपयोग नाही. टँकर विकत घेतले. कॉलमना गोणपाट गुंडाळलं. सकाळी सहाला आणि सूर्य कलल्यावर आई स्वतः पाणी मारायला यायची, सत्तरीची बाई, पदर खोचून. मजूर म्हणायचे, “काकू, तुमी बसा.” ती बसायची नाही. धरणाच्या पायथ्याच्या गावात टँकर येताना पाहून ती एकदाच बोलली, “माह्या गावावर केवढं पानी हाये.” आणि नळी पुढच्या कॉलमकडे वळवली.

मग चौकटीचा दिवस आला. मिस्त्रींनी टेप लावला. आतल्या बाजूने पाच फूट सात इंच. आताचं दार पावणेसात-सात फुटांचं. मिस्त्रींना ती समोर लावणं पटेना. देवघराला लावू, शोभेल, असं त्यांचं म्हणणं. भावालाही ते पटलं. बाबा वही उघडून उभे होते. आई म्हणाली, “समोरच लावा. ज्याले यायचं थो वाकून यिन.”

समोरच लावली. सोफा आणि कपाट मागच्या दाराने आत आणावं लागलं. भाऊ दोनदा कपाळ आपटून घेऊन तिसऱ्यांदा शिकला. आईला वाकावं लागत नाही, तिची उंची त्या दाराचीच आहे. उंबरठ्यावरच्या खोलगट जागेवर तिचा पाय न बघता पडतो.

वास्तुपूजनानंतर बाबांनी अंदाजाशेजारी लाल शाईने खरा खर्च लिहायला घेतला. आठ दिवस ते पावत्या लावत होते. मी वही पाहिली तेव्हा सगळे रकाने भरले होते. टँकरसाठी खाली नवी ओळ जोडली होती. चौकटीच्या ओळीतल्या शून्यावर लाल काट मारली होती, आणि तिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.